फिलर: सुई टोचून घेण्याआधी

जुलै २०२५ मध्ये अभिनेत्री उर्फी जावेदनं स्वतःच्या ओठांचा एक व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. ओठ इतके सुजलेले, की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. फिलर केलं की असं होतं, असाच अर्थ अनेकांनी काढला. प्रत्यक्षात ती सूज फिलर भरल्याची नव्हतीच. आधी भरलेलं फिलर विरघळवण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनांची होती. फिलर चुकीच्या जागी बसलं होतं म्हणून काढून टाकते आहे, फिलरला विरोध नाही, पुढे पुन्हा करेन, पण डॉक्टर चांगला निवडा, असं तिनं व्हिडिओसोबत लिहिलंही होतं.

आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्किन क्लिनिकच्या पाटीवरही ‘फिलर’ दिसतं. पाटी गावात पोचली, माहिती मात्र अजून रील्समधूनच येते. त्यामुळे भीती नको तिथे बसते आणि निर्धास्तपणाही नको तिथेच.

मुळात बोटॉक्स आणि फिलर एकच, असं कित्येकांना वाटतं. बोटॉक्स हे बोट्युलिनम टॉक्सिन या औषधाचं एक व्यापारी नाव. ते स्नायूला मिळणारा संदेश अडवतं, स्नायू सैल पडतो आणि कपाळावरच्या, भुवयांमधल्या आठ्या तीन-चार महिने विरतात. फिलर स्नायूच्या वाटेला जात नाही. ते त्वचेखाली भरलं जाणारं जेल आहे. खोल गेलेला गाल, पातळ ओठ, नाकापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, डोळ्याखालचा खड्डा भरून काढणं हे त्याचं काम. दोन्हींतले धोकेही वेगळे. बोटॉक्स चुकलं तर पापणी काही आठवडे खाली येते आणि औषध उतरायची वाट पाहावी लागते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर हिशेब मिनिटांचा असतो.

‘हे तर आपल्या शरीरातच असतं, नैसर्गिक आहे,’ हे वाक्य क्लिनिकच्या जाहिरातीत हमखास सापडतं. ते अर्धं खरं आहे. सर्वाधिक वापरलं जाणारं फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं असतं. कार्ल मेयर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी ते १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून वेगळं केलं. माणसाच्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत ते असतंच आणि पाणी धरून ठेवतं. पण शरीर ते सतत मोडत असतं. त्वचेतलं नैसर्गिक हायल्युरॉनिक अ‍ॅसिड एक-दोन दिवसांत विघटित होतं. फिलर टिकावं म्हणून कारखान्यात त्याचे रेणू एका रसायनानं एकमेकांना जखडले जातात. त्याचा कच्चा मालही आता बहुतेक जिवाणूंच्या किण्वनातून मिळवतात. म्हणजे सिरिंजमधलं जेल शरीराच्या ओळखीचं आहे, पण शरीरातलं नव्हे. आणि दुकानात मिळणारं हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं सीरम ही तर तिसरीच गोष्ट. ते त्वचेला ओलावा देतं. गाल किंवा ओठ भरून काढण्याची ताकद त्याच्यात नाही.

शिवाय प्रत्येक फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचंच असेल असं नाही. कॅल्शियम हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड, पीएमएमए या प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण, अशीही फिलर आहेत. हा फरक रुग्णाला ठाऊक असलाच पाहिजे, कारण हायल्युरॉनिक अ‍ॅसिडवर उतारा आहे: हायल्युरोनिडेज नावाचं विकर त्याला काही तासांत विरघळवू लागतं. बाकीच्यांना असा उतारा नाही. चुकलं तर वाट पाहायची, नाहीतर शस्त्रक्रिया.

तरीही ‘एकदाच करायचं तर कायमचंच करू’ असा हिशेब मांडणारे भेटतात. पैशांच्या बाबतीत तो शहाणपणाचा वाटतो, चेहऱ्याच्या बाबतीत इतिहास उलट सांगतो. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी या शल्यविशारदानं १८९९ मध्ये व्हॅसलिन टोचून शरीरातली पोकळी भरून काढली आणि लवकरच युरोप-अमेरिकेत मेणासारखं पॅराफिन नाका-गालांत टोचायची लाट आली. ते उन्हात पातळ होई, जागचं सरके, त्याच्याभोवती टणक गाठी धरत. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची नावाजलेली सुंदरी. नाक ग्रीक पुतळ्यासारखं सरळ दिसावं म्हणून तिनं ऐन विशीत नाकाच्या दांड्यात पॅराफिन टोचून घेतलं. पुढे ती इंग्लंडातल्या मार्लबरोची डचेस झाली, पण ते पॅराफिन खाली उतरत हनुवटीपर्यंत गेलं आणि चेहऱ्याची कायमची नासाडी झाली. पॅराफिननंतर पातळ सिलिकॉन आलं. तेही वर्षानुवर्षांनी गाठी, सूज आणि जखमा देऊ शकतं, आणि सौंदर्यासाठी ते टोचायला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, कधीच मान्यता दिलेली नाही. वयाबरोबर चेहऱ्याची हाडं, चरबी, त्वचा सगळंच बदलतं. तिशीतल्या चेहऱ्यात बसवलेली कायमची वस्तू साठीतल्या चेहऱ्यात शोभेल, याची हमी कुणी द्यायची?

याच्या अगदी उलट समजही तितकाच पक्का आहे: ‘सहा महिन्यांत जातंच विरघळून, काळजी कसली?’ वेष्टनावर सहा ते अठरा महिने, काहींवर दोन वर्षं लिहिलेलं असतं. तो दिसणाऱ्या परिणामाचा काळ. ऑस्ट्रेलियात फिलर केलेल्या लोकांच्या एमआरआय तपासण्यांत मात्र ते दोन वर्षांनंतर, काहींच्या बाबतीत दहा वर्षांहून अधिक काळानंतरही चेहऱ्यात सापडलं. ही बाब किरकोळ नाही. जुनं गेलं असं गृहीत धरून दर सहा महिन्यांनी नवी सिरिंज भरत राहिलं, की गाल उशीसारखे फुगतात आणि ओठांतलं जेल वरच्या ओठाच्या कडेबाहेर सरकून मिशीच्या जागी फुगवटा येतो. पडद्यावरचे जे चेहरे पाहून लोक ‘फिलर नकोच’ म्हणतात, ते अनेकदा एका सिरिंजचे नसतात, हिशेब न ठेवलेल्या कित्येक सिरिंजांचे असतात. चांगलं झालेलं फिलर आपल्याला ओळखूच येत नाही.

फिलर थांबवलं की चेहरा आधीपेक्षा जास्त लोंबतो, ही भीती मात्र बहुतांशी निराधार. नेहमीच्या मात्रेत केलेलं असेल तर चेहरा आपल्या मूळ वळणावर येतो. भरलेल्या गालांची सवय झालेल्या नजरेला ते वळण उतरल्यासारखं वाटतं, एवढंच.

आता सगळ्यात गंभीर बाब. ‘जास्तीत जास्त काय होईल, काळंनिळं पडेल’ या समजुतीपायी माणसं नको त्या हातात चेहरा देतात. काळंनिळं पडणं, सूज, दुखणं हे नेहमीचं आहे आणि सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. खरा धोका जेल रक्तवाहिनीत शिरण्याचा. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या धमन्या आतून डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या असतात. सुईचं टोक अशा धमनीत असताना दट्ट्या जोरानं दाबला, तर जेल रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध मागे ढकललं जातं. दाब सुटला की रक्त तेच जेल पुढे, थेट डोळ्याच्या पडद्याकडे नेतं. फिलरची एक सिरिंज साधारण एक मिलिलिटरची, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्शाएवढी. डोळ्याकडे जाणारी वाट बुजायला त्यातला दहावा भागही पुरतो. रक्त थांबल्यावर पडद्याची कायमची हानी व्हायला दीड ताससुद्धा लागत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरच्या वैद्यकीय साहित्यातून अशा दृष्टीवर परिणाम झालेल्या ९८ घटना गोळा केल्या होत्या. त्यात सर्वाधिक वाटा स्वतःच्याच शरीरातली चरबी काढून टोचण्याचा होता. २०१९ च्या पुढच्या आढाव्यात आणखी ४८ घटनांची भर पडली आणि त्यांतल्या बहुसंख्य हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच्या होत्या.

हे विरळा आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. अमेरिकेतल्या ३७० त्वचारोगतज्ज्ञांच्या अनुभवावर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुईनं टोचताना रक्तवाहिनी बुजण्याचं प्रमाण साधारण ६,४०० सिरिंजांमागे एक आणि बोथट टोकाच्या कॅन्युलानं सुमारे ४०,९०० मागे एक असं निघालं. यातल्या बहुतेक घटनांत कायमचं नुकसान झालं नाही. पण हे आकडे प्रशिक्षित तज्ज्ञांचे आहेत. दोन दिवसांचा कोर्स करून सुई हातात घेणाऱ्याचे आकडे कुणी मांडत नाही.

रक्तवाहिनी बुजल्याची खूण सहसा पहिल्या काही मिनिटांत त्वचेवर दिसते. टोचलेला भाग, कधी त्यापासून दूरचाही, पांढराफटक पडतो, मग त्यावर जांभळट जाळीसारखे पट्टे उमटतात. बोटानं दाबून सोडलं तर रंग लवकर परतत नाही. वेदना सहसा तीव्र असते, पण अनेक फिलरमध्ये बधिर करणारं औषध मिसळलेलं असल्यानं ती जाणवेलच असं नाही. दोन-तीन दिवसांनी तिथे बारीक पुळ्या आल्या तर त्यांना मुरुमं समजून क्रीम लावत बसणं महागात पडतं. ती मरू लागलेली त्वचा असते. उतारा वेळेत आणि पुरेशा मात्रेत मिळाला तर त्वचा बहुतेकदा वाचते. गेलेली नजर मात्र क्वचितच परत येते. अचानक दिसेनासं होणं, डोळ्यात किंवा डोक्यात तीव्र कळ, पापणी खाली येणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही झालं तर सरळ मोठं रुग्णालय गाठावं.

म्हणून फिलर कोणत्या कंपनीचं यापेक्षा आधी विचारायचा प्रश्न वेगळा: ‘डॉक्टर, हायल्युरोनिडेज इथे, याच खोलीत आहे का?’ उद्या मागवू, शेजारच्या मेडिकलमध्ये मिळतं, अशी उत्तरं आली तर उठून बाहेर पडण्यात संकोच कसला? पार्लरच्या खुर्चीत, मैत्रिणींच्या पार्टीत किंवा हॉटेलच्या खोलीत हा प्रश्न विचारताच येत नाही.

‘सुईच नाही, मग धोका कसला?’ असं म्हणत हायल्युरॉन पेनही विकले जातात. ते जेल दाबानं त्वचेत घुसवतात, आणि किती खोल जाईल यावर कुणाचाच ताबा नसतो. एफडीएनं ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. कायद्याचं कवचही तोकडंच. ब्रिटनमध्ये सौंदर्योपचारांच्या नियमनाचा आढावा घेणाऱ्या सर ब्रूस कीओ यांच्या समितीनं २०१३ मध्येच म्हटलं होतं, की फिलर करून घेणाऱ्याला बॉलपेन विकत घेणाऱ्याइतकंच संरक्षण आहे. त्यानंतर आठ वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२१ पासून, इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील मुलामुलींना सौंदर्यासाठी फिलर देणं गुन्हा ठरलं. अमेरिकेत फिलरची मान्यता २२ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींसाठीच आहे. आपल्याकडे बारावीचा निकाल लागला म्हणून मुलीला ओठांचं पॅकेज भेट देऊ पाहणाऱ्या आईवडिलांनी हे वय ध्यानात घ्यावं.

महाराष्ट्रातल्या रुग्णाला दोन गोष्टी स्वतः तपासता येतात. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पाहता येते; पाटीवर नुसतं ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’ असणं पुरेसं नाही, मागे त्वचारोगशास्त्राची किंवा प्लॅस्टिक सर्जरीची पदव्युत्तर पदवी आहे का, हे पाहावं. दुसरं म्हणजे खोका. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार आयात केलेल्या उपकरणाच्या (फिलरही त्यांतच मोडतं) वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असावी लागते. सिरिंज डोळ्यांसमोर सीलबंद खोक्यातून निघायला हवी. ‘अर्धी तुमच्यासाठी, अर्धी पुढच्या वेळेसाठी फ्रीजमध्ये’ किंवा दोघींत मिळून एक, ही काटकसर संसर्गाला आमंत्रण देते.

लपवाछपवीही नको. ओठांवर तापाचे फोड येत असतील तर सुईनं ते उसळू शकतात. आधी सांगितलं तर गोळ्या देता येतात. मधमाशीच्या डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर ते सांगणं फार गरजेचं, कारण त्या विषातही हायल्युरोनिडेज असतं आणि उताऱ्याचीच अ‍ॅलर्जी उमटू शकते. दातांचं मोठं काम आणि फिलर यांत दोन आठवड्यांचं तरी अंतर असावं. रक्त पातळ करणारी गोळी हृदयविकारासाठी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नये. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना फिलर टाळतात. आणि लग्नसराईत हळदीच्या दोन दिवस आधी धावत येणाऱ्या नवऱ्या मुलीला चांगला डॉक्टर परत पाठवतो. सूज उतरून रूप स्थिरावायला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात.

‘हे सगळे श्रीमंतांचे नखरे’ असं म्हणणाऱ्यांनी एक जुनी गोष्ट जाणून घ्यावी. एचआयव्हीच्या सुरुवातीच्या काही औषधांनी, विशेषतः स्टॅव्युडिननं, रुग्णांच्या गालांतली चरबी झडायची. भारतात २००४ मध्ये सुरू झालेल्या मोफत उपचारांतही हे औषध होतं. जीव वाचे, पण बसलेले गाल गावभर आजाराची वाच्यता करत. त्याच वर्षी अमेरिकेत पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिडच्या फिलरला जी पहिली मान्यता मिळाली, ती सुरकुत्यांसाठी नव्हती, या रुग्णांच्या गालांसाठी होती. अपघाताचे व्रण, जन्मजात किंवा आजारानं आलेला चेहऱ्याचा असमतोल यांसाठीही फिलर वापरतात. आरशासमोर हसता यावं अशी इच्छा धरणाऱ्याला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्या माणसाला खरी माहिती मिळण्याचा हक्क मात्र आहे.

उपचार झाल्यावर सिरिंजच्या खोक्यातलं स्टिकर मागून घ्यावं. त्यावर फिलरचं नाव आणि बॅच क्रमांक असतो. ते तारीख, जागा आणि मात्रेसह फाइलला चिकटवावं, भरण्याआधीचे फोटोही जोडावेत. पाच वर्षांनी गालात गाठ लागली आणि समोर दुसरा डॉक्टर असला, तर ती हायल्युरोनिडेजनं विरघळेल की नाही, हे त्याला त्या स्टिकरवरून कळेल.