भीमाशंकरच्या रानात एक दिवस

पाऊस स्थिरावला की शाळेतली मुलं गुरुजींच्या मागे लागतात, “गुरुजी, धबधबा बघायला कधी जायचं?” न्यायला हरकत नाही. मात्र नेण्याआधी डोंगरातल्या पाण्याची रीत नीट समजून घ्यावी.

पुणे जिल्ह्यातलं भीमाशंकर घ्या. इथलं रान १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. पण त्याच्याही पुष्कळ आधीपासून गावकऱ्यांनी देवराया राखल्या होत्या. देवाचं झाड तोडायचं नाही, हा त्यांचा कायदा. म्हणूनच तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची शेकरू इथे आजही या झाडावरून त्या झाडावर झेप घेते. ती आपल्या राज्याचा मानाचा प्राणी आहे. मुलांना गप्प बसवा, म्हणजे दिसेल.

एका दिवसात दोन वाटा सहज होतात. पहिली नागफणीच्या टोकाची. तिथे उभं राहिलं की पायाखाली सरळ तुटलेला कडा आणि खाली कोकण. आता मुलांना विचारा, “इथे पडलेला पाऊस जातो कुठे?” कड्यावरून खाली गेलेलं पाणी अरबी समुद्राला मिळतं, पाठीमागे उतरलेलं पाणी भीमेतून पंढरपूरवरून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. भूगोलाचा हा धडा फळ्यावर इतका चांगला समजत नाही.

दुसरी वाट दाट झाडीतून गुप्त भीमाशंकरला ओढ्याकाठी जाते. खरी काळजी इथे. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. मुरुमाड रानात मुरतं तसं पाणी या कातळात झटकन मुरत नाही. ते तसंच घरंगळत ओढ्यात येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असेल, आणि वर माथ्यावर ढग रिता झालेला असेल. मग बघता बघता लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं अशीच वाहून गेली.

खुणा ध्यानात ठेवा. निवळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहत आल्या, किंवा वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर सामान सोडून द्या आणि बाजूच्या उंचवट्यावर चढा. ओढा ओलांडू नका. गुडघाभर वेगाचं पाणीदेखील मोठ्या माणसाचे पाय उचलतं. शेवाळलेल्या खडकावर पाय देऊ नका, अन् डोहात तर मुळीच उतरू नका.

निघण्यापूर्वी वनखात्याच्या माणसाला वाट खुली आहे का, हे विचारा. भर पावसात काही वाटा बंद ठेवतात. बरोबर गावातला एक जाणता गडी घ्या. जाताना, पोहोचल्यावर आणि परतताना, अशी तीन वेळा मुलांची मोजदाद करा. खरं म्हणजे भाद्रपद-आश्विनात जावं. पाऊस ओसरलेला असतो, धबधबे वाहते असतात आणि कड्यावरचं धुकंही विरळ झालेलं असतं.

धबधबा लांबून पाहिला तरी मन भरतं, बरं का!