सुईआधी ईसीजी

सकाळी 7
कर्जतचा माझा अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना उघडते. भाताची लावणी नुकतीच आटपलीय, त्यामुळे कडाव-कशेळ्याकडची माणसं कंबर आणि गुडघे घेऊन येतात. दर रुग्णाला नवी, निर्जंतुक सुई. वापरली की टाकली.

सकाळी 10.30
एक काका येतात. चढ चढताना छातीत दाटतं. आज बसल्या जागीही दाटतंय, घाम फुटलाय. "ताई, ती मनगटातली हृदयाची सुई टोचा." मी सुई उचलतच नाही. "काका, आधी ईसीजी. आत्ता बोलू नका, टेकून बसा." 108ला फोन करते आणि त्यांना उपजिल्हा रुग्णालयात धाडते.

दुपारी 1
काका म्हणत होते ती सुई मनगटातल्या नेइग्वान या बिंदूवर टोचतात. त्यावर 1998 साली कॅलिफोर्नियात जॉन लाँगहर्स्ट आणि पेंग ली यांच्या गटाने भूल दिलेल्या मांजरांवर प्रयोग केला. हृदयाच्या धमनीची एक शाखा अरुंद केली, मग रक्तदाब चढवला. तेवढ्या भागाचं आकुंचन मंदावलं. नेइग्वानखालच्या मीडियन नसेला अर्धा तास सौम्य वीज दिल्यावर ते सुधारलं. धमनीतला रक्तप्रवाह मात्र वाढला नव्हता. रक्तदाब कमी चढला, म्हणून हृदयाचे कष्ट घटले. अफूसदृश द्रव्यांना रोखणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं की हा परिणाम ओसरतो, हेही पुढे त्याच गटाने दाखवलं. म्हणजे शरीरातली अफूसदृश द्रव्यं यात काम करतात. हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. सुई कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही, हे दोन्ही त्यातून कळतं. अडथळा सुईने निघत नाही.

दुपारी 4
पळसदरीमार्गे लोकलने खोपोली. इथल्या मावशींना जुना अंजायना आहे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळा. हृदयविकारतज्ज्ञांचा कागद आणि गोळ्या आधी बघते. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सुई काढल्यावर जास्त वेळ दाबून धरायचं. पेसमेकर असेल तर वीज लावायचीच नाही. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध सुई जाते. "मुंग्या आल्या का?" "आल्या, पार मधल्या बोटापर्यंत."
2019 साली चीनमधल्या 404 रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅक्युपंक्चरने अशा स्थिर अंजायनाच्या कळा कमी झाल्या, पण नेहमीची औषधं चालू ठेवूनच. मावशींना हे दर खेपेला बजावते: गोळी चुकवायची नाही.

संध्याकाळी 7
काकांच्या मुलाचा फोन. हृदयविकाराचाच झटका होता. उपचार वेळेत सुरू झाले. शिकायला येणाऱ्या मुलींना आज हेच सांगते: छातीत दुखणाऱ्या माणसाला आपण किती लवकर पुढे पाठवतो, यावर आपल्या विद्येची इभ्रत ठरते.