मळवली–लोहगड–पवना : लेण्यांमधून फिरणारी सायकलवाट

ग्रॅव्हल सायकल घेतली असेल तर मावळातली ही फेरी एकदा कराच. मळवली स्टेशनहून पहाटे निघा. भाजे गाव सुटलं की लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांमधल्या गायमुख खिंडीचा चढ लागतो. तो खडा आहे, सगळ्यात हलका गिअर इथेच लागेल. त्याआधी भाजे लेणी मात्र चुकवू नका. 22 लेण्यांचा हा समूह इ.स.पू. दुसऱ्या शतकापासूनचा. चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या अजून आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड, मावळच्या पावसात! मी दर वेळी तिथे थबकतो.

खिंडीपलीकडे लोहगडवाडी. 2025 मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत आला. पुढे दुधिवरे खिंडीतून उतरलं की पवना धरणाचं पाणी, मागे तुंग-तिकोना हे किल्ले. पवनानगरहून कामशेतकडे येताना बेडसे लेणी. तिथल्या खांबांवरचे हत्ती-घोडे अप्रतिम.

डांबर, सिमेंट, मुरूम असं सगळं लागतं, त्यामुळे 38-40 मिमीचे टायर हवेत, हवा थोडी कमी. पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, गाड्यांची रांग असते. ऑक्टोबरमध्ये आठवड्यातला मधला वार उत्तम.