शेवटचा एकाकी

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी पॉल एर्डिश आणि आल्फ्रेड रेन्यी या हंगेरियन गणितज्ञांनी यदृच्छेने जोडलेल्या बिंदूंवरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. पोलादाशी त्या निबंधाचा काडीचाही संबंध नाही. परंतु नाना प्रांतांतून येऊन सेक्टरांत वसलेली अनोळखी माणसे एक गाव केव्हा होतात, हा भिलाईचा प्रश्न त्या निबंधाच्या प्रश्नाचा सख्खा भाऊच होय.

एर्डिश-रेन्यींची जोडणी दोघांची. वस्तीत मात्र माणसे गटाने भेटतात. पाळीवरची टोळी, गणेशोत्सवाची समिती, भजनी मंडळ. एकेका दुव्यात दोहोंहून अधिक बिंदू गुंफणाऱ्या रचनेस हायपरग्राफ म्हणतात. आपण तिला गटजाळे म्हणू.

समजा, वस्ती हजार माणसांची आहे. चिठ्ठ्या टाकून पाच-पाच जणांचे गट करावयाचे. एकच माणूस अनेक गटांत आला तरी चालेल. ज्या दोन गटांत एक माणूस समाईक, ते जोडले गेले. सुमारे पन्नास गट होईतो सारे तुकडेतुकडेच असतात. पन्नास ओलांडले की त्यांतून एक मोठा समूह एकाएकी डोके वर काढतो, आणि पुढे बाकीच्यांना भराभर पोटात घेतो. आता वस्ती जुळलीच, असे कोणासही वाटेल. पण पाचशे गट झाले तरी सरासरीने ऐंशीएक माणसे एकाही गटात नसतात! हजार गटांनंतर सहा-सात उरतात, आणि शेवटच्या एकाकी माणसापाशी पोचावयास सुमारे चौदाशे गट लागतात. गंमत अशी, की अखेरीस अडून बसतात ती वेगळी टोळकी नव्हेत, सुटी माणसे. निम्म्याहून अधिक खटपट त्या मूठभरांसाठी होते. जनगणनेच्या वा रेशनकार्डांच्या कामात ज्याने हात घातला आहे, त्यास हे नवल वाटणार नाही.

वस्ती जुळली; पण किती घट्ट? कोणती दोन माणसे किती गटांत एकत्र येतात याचा चौकोनी तक्ता मांडून त्यापासून लाप्लासच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा तक्ता तयार करतात. त्याच्या आयगेन मूल्यांच्या समूहास त्या जाळ्याचा वर्णपट म्हणतात. सर्वांत लहान मूल्य नेहमीच शून्य. दुसरेही शून्य असेल, तर जाळे तुटलेले आहे. या दुसऱ्या मूल्याचे महत्त्व चेक गणितज्ञ मिरोस्लाव फीडलर यांनी १९७३ साली साध्या जाळ्यांबाबत दाखवून दिले. गट पुरेसे वाढले, की यदृच्छ गटजाळ्यात ते शून्यापासून चांगलेच दूर सरकते.

खरी वस्ती चिठ्ठ्यांनी बनत नाही, हे उघड आहे. मराठी माणूस मराठी मंडळात जातो, तेलुगू माणूस तेलुगू मंडळात. प्रत्येक मंडळ आतून एकजीव. दोहोंमध्ये दुवा एखाद्याच माणसाचा. कागदावर जाळे अखंड असते, पण दुसरे मूल्य शून्याला जवळजवळ टेकलेले. त्या माणसाची बदली झाली, की ते शून्यच.