पर, खवलं आणि एक जादा शब्द
(ग्रंथ आणि भाष्य : लेखांक ५)

उत्तनच्या मासळी बाजारात पापलेट, रावस, सुरमईच्या शेजारी मुशी, शिंगाळा, कोळंबी, चिंबोऱ्याही मांडलेल्या असतात. धर्म पाळणारं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातलं, गिऱ्हाईक आलं, तर यातल्या निम्म्या पाट्यांकडे ते वळणारही नाही. तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या तिसऱ्या भागात, लेवीयच्या अकराव्या अध्यायात आज्ञा आहे : पाण्यातल्या जीवांपैकी ज्यांना पर आणि खवलं दोन्ही असतील, तेवढेच खायचे.

लिखित तोरा आणि मौखिक तोरा यांतला फरक आपण गेल्या आठवड्यात पाहिला. आज ही एकच आज्ञा घेऊ. वरवर पाहता तिच्यात समजावण्यासारखं काहीच नाही. पण बाजारात उभं राहिलं की प्रश्न सुरू होतात. पापलेटची बारीक खवलं हाताळतानाच निघून जातात, मग त्याचं काय? तालमूदने, म्हणजे मौखिक तोरावरच्या चर्चांच्या ग्रंथाने, हा प्रश्न सोडवून ठेवलाय. समुद्रातून वर काढताना खवलं गळून पडली तरी मासा चालतो. आज खवलं नाहीत, पण वाढल्यावर येणार आहेत, असा मासाही चालतो.

त्याआधी, इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या मौखिक तोराच्या संहितेने एक व्यवहारी नियम सांगितला होता. खवलं असलेल्या प्रत्येक माशाला पर असतातच, पर असलेल्या प्रत्येकाला खवलं मात्र नसतात. म्हणजे नुसती तुकडी घेतली आणि तिच्या कातडीवर खवलं दिसली, तर पर शोधत बसायला नको.

इथे तालमूदमधले पंडित थबकतात. खवलं सांगून भागत होतं, तर तोराने पर लिहिलेच कशाला? तोरा ईश्वराची, तेव्हा तिच्यात एक अक्षरही फुकट असणार नाही, ही त्यांची श्रद्धा. आणि उत्तर काय, तर तोरा विशाल आणि वैभवशाली व्हावी म्हणून! अभ्यासाला आणखी एक जागा मिळावी, एवढ्यासाठीच तो जादा शब्द. मला हे उत्तर यहुदी भाष्यपरंपरेची किल्लीच वाटतं. ज्ञानेश्वरीवर वाढलेल्या आपल्या वाचकाला मुळापेक्षा टीका मोठी असण्याचं नवल नाही. पण मुळातला शब्दच टीकेसाठी ठेवलाय, असं म्हणायला वेगळं धाडस लागतं.

मुशीचा प्रश्न मध्ययुगात सुटतो. तिची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत असते, कारण अंगावर बारीक, टोकदार खवलं असतात. मग ती का चालत नाही? स्पेनमधला भाष्यकार रामबान (1194–1270) सांगतो, की हाताने किंवा सुरीने कातडीपासून सुटतं तेच खवल. कातडीतच रुतलेलं धरायचं नाही. एवढ्यावर मुशी बाद. पुढे तो कारणही देतो : पर-खवलंवाले मासे वरच्या स्वच्छ पाण्यात फिरतात, बाकीचे तळच्या गढुळात. त्याच्या आधीचा रामबाम म्हणजे मैमोनिदेस (या दोन नावांत हमखास गल्लत होते) मात्र म्हणतो, की पर आणि खवलं ही नुसती ओळखण्याची खूण आहे, परवानगीचं कारण नव्हे. दोघांची मतं आजही शेजारी शेजारी शिकवली जातात. एकाला जिंकवून दुसऱ्याला पुसून टाकायची रीत या परंपरेत नाही.

आता कोकणात येऊ. बेने इस्रायलांकडे शतकानुशतकं यातलं काहीच नव्हतं, ना मिश्ना, ना तालमूद. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ सुंता करत, शेमा ही प्रार्थना म्हणत. त्यांची कथा हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या इतिहासग्रंथात नोंदवली आहे. दाविद राहबी नावाचा यहुदी कोकणात आला आणि परीक्षा म्हणून त्याने बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी ठेवली. त्यांनी पर-खवलंवाली तेवढी वेगळी काढली. त्याची खात्री पटली, आणि त्याने झिराटकर, राजपूरकर, शापूरकर अशा तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काजी, म्हणजे समाजाचे धर्मप्रमुख, केलं. राहबी नेमका कोणत्या शतकातला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कोणी त्याला अठराव्या शतकातला कोचीनचा दाविद राहबी मानतात. कथेतली परीक्षा मात्र मार्मिक आहे : त्याने ग्रंथ विचारला नाही, पाटी पुढे केली.

भाष्य पुढे आलं ते मराठीतून. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा. बेने इस्रायलांनी त्यातली हिब्रू घेतली आणि येशूला नम्र नकार दिला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. 1880च्या सुमारास तर अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं थेट कीर्तनात रंगू लागली. तोराचा अर्थ लावायची ही तऱ्हा तालमूदच्या कुठल्याच पंडिताला सुचली नव्हती. तिच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.