अर्ध्या उघडणाऱ्या खिडक्या

शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत. दिल्ली दरवाजा सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्यांतल्या एकाचे नाव 'खिडकी दरवाजा' आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही. आजच्या कानाला हे नाव विचित्रच वाटते. खिडकी वेगळी, दरवाजा वेगळा, मग ही जोडी कशी जमली? उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. प्राकृतातल्या ज्या 'खडक्की'पासून आपली खिडकी आली, तिचा अर्थ लहान दार किंवा मागचे दार असा होता. गुजरातीत 'खडकी' अजूनही घरांच्या समूहाच्या प्रवेशदारासाठी वापरतात. म्हणजे खिडकी ही मुळात बाहेर बघण्याची नव्हे, तर बाहेर जाण्यायेण्याची वाट होती. उघडणे हेच तिचे काम.

हे सांगायचे कारण असे, की ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत खिडकीने हे कामच हळूहळू सोडून दिले आहे. घर घेताना आपण चौरस फुटांचा, पार्किंगचा, पाण्याच्या वेळांचा हिशेब करतो. नूतनीकरण करताना टाइल्सच्या रंगावर दोन-दोन रविवार घालवतो. खिडक्यांबाबत मात्र फॅब्रिकेटर जे सांगेल ते मान्य करतो. वास्तविक टाइल्स वाईट निघाल्या तर डोळ्यांना त्रास; खिडकी वाईट निघाली तर श्वासाला.

जुन्या घरांकडे आधी पाहू. कल्याणच्या जुन्या वस्तीत किंवा ठाण्यात तलावाभोवतीच्या पेठांमध्ये जी काही लाकडी घरे उरली आहेत, त्यांच्या खिडक्यांना चौकटीतच उभे गज असतात आणि झडपा आत उघडतात. झडपा अनेकदा चार असतात: खाली दोन, वर दोन. खालच्या मिटल्या की रस्त्यावरच्या माणसाची नजर अडते, वरच्या उघड्या ठेवल्या की वारा येत राहतो. आडोसा आणि हवा या दोन्ही गरजा एकाच खिडकीत वेगवेगळ्या भागवण्याची ही सोय इतकी साधी आहे, की तिला कुणी 'डिझाइन' म्हटले नाही. दारावर आणि खिडकीवर झरोका असे. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. चाळींनीही हेच सूत्र घेतले. गॅलरीच्या बाजूला दार आणि गजांची खिडकी, समोरच्या भिंतीला दुसरी खिडकी. वारा एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर. चाळीतल्या राहणीचे उगाच गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही, संडासाच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते जमणारही नाही. पण चाळीच्या खोलीत वारा फिरत असे, हे खरे.

मग लाकूड महागले. सागवानी चौकटींच्या जागी आधी लोखंडी खिडक्या आल्या. लांबीने काच बसवलेल्या, दर दोन वर्षांनी रंग मागणाऱ्या आणि खाडीच्या दमट हवेत बिजागऱ्यांपाशी गंजून अडकणाऱ्या. त्यांच्यामागून अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी आली, आणि तिने सगळा उपनगरी पट्टा जिंकला. ती स्वस्त होती, गंजत नव्हती, पडद्याला अडत नव्हती. पण माझ्या मते तिच्या विजयाचे खरे कारण ग्रिल आहे. सोसायटीच्या फ्लॅटांना चोराच्या भीतीने बाहेरून ग्रिल बसू लागले. बाहेर ग्रिल असले की बाहेर उघडणारी झडप चालत नाही. आत उघडली तर पलंगावर आदळते. उरते ती सरकती.

आणि सरकत्या खिडकीचे गणित सरळ आहे. दोन काचांची खिडकी कितीही सरकवा, एक काच दुसरीच्या मागे जाते आणि अर्धी जागा कायम बंद राहते. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेने (नॅशनल बिल्डिंग कोड) उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी उघडी जागा असावी असे म्हटले आहे. कोरड्या उष्ण प्रदेशाला एक दशांश पुरते, थंड प्रदेशाला एक द्वादशांश; सर्वांत जास्त मागणी आपल्या घामट हवेची आहे. २०१८ साली केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' काढली. तिनेही पूर्ण घराच्या चटई क्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे पुन्हा एक षष्ठांशच, मागितले. पण ते उघडू शकणाऱ्या जागेचे. बिजागरीवर उघडणाऱ्या झडपेची ९० टक्के जागा तिने उघडी धरली, दोन काचांच्या सरकत्या खिडकीची ५० टक्के, तीन काचांची ६६.६७ टक्के.

आता आपल्या नेहमीच्या दहा बाय बाराच्या खोलीला हे लावून पाहा. १२० चौरस फुटांचा एक षष्ठांश म्हणजे २० चौरस फूट. पाच बाय चारची खिडकी म्हणजे बरोबर २०. कागदावर हिशेब चोख. पण ती दोन काचांची सरकती असेल, तर प्रत्यक्षात उघडतात १० चौरस फूट. तिथे डासांची जाळी आली की वाऱ्याचा आणखी बराच भाग गळाला. पुढे बाल्कनी खोलीत ओढून घेतली, तिच्या टोकाला नवी सरकती खिडकी लावली, की आतल्या खोलीचे 'बाहेर' म्हणजे कपडे वाळत घातलेली बंद बाल्कनी. मग एसी लागतो. एसी लागला की खिडकी कायमची बंद.

उजेड-हवेचा प्रश्न आरामापुरता नाही, हे मुंबई इलाख्याला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांमधल्या उजेड-हवेवर व्याख्यानच दिले. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्याच काळातला. खोलीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून उभी असू नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. दोन इमारतींत वीस फूट अंतर असेल, तर उंची चाळीस फूट. हा नियम मनात धरून ठाण्याच्या किंवा डोंबिवली पूर्वेच्या एखाद्या दाट गल्लीत उभे राहावे आणि वर पाहावे.

अलीकडे गोवंडी-मानखुर्दच्या तीन पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने अभ्यास केला. इमारती एकमेकींना जिथे चिकटून उभ्या होत्या आणि खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नव्हता, तिथे क्षयरोगाचे प्रमाण जास्त आढळले. ठाण्यात क्लस्टरच्या आणि सगळीकडेच पुनर्विकासाच्या योजना जोरात आहेत. नव्या घराचा नकाशा हातात आला की रहिवाशांनी खोल्यांच्या मापाबरोबर शेजारच्या इमारतीचे अंतर विचारावे. खिडकी नंतर बदलता येते, ते अंतर बदलता येत नाही.

पण खिडकी उघडी असावी, एवढे म्हणून डोंबिवलीत भागत नाही. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. निवासी भागातल्या लोकांना रात्री-अपरात्री येणाऱ्या रासायनिक वासाने उठून खिडक्या लावण्याची सवय आहे. रुळांलगतच्या इमारतींना गाड्यांचा आवाज, घोडबंदर रोडला अवजड वाहनांचा. म्हणजे आपल्याला हवी ती खिडकी पूर्ण उघडणारी आणि तितकीच पूर्ण मिटणारी. सरकती खिडकी इथेही अर्धीच. तिच्या काचा रुळावर धावायच्या असल्याने फट राखावीच लागते आणि ती फट ब्रशसारख्या पट्टीने झाकलेली असते. आवाजाचा नियम फटीच्या बाबतीत फार कठोर आहे: खिडकीच्या क्षेत्रफळाच्या अवघा एक टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीची काच कितीही जाड असली तरी आवाज २० डेसिबलच्या पुढे फारसा कमी होत नाही. म्हणून महागडी दुहेरी काच सरकत्या चौकटीत बसवणे म्हणजे गळक्या बादलीला चांदीची कडी लावणे. बिजागरीवरची झडप मात्र कुलूप फिरवल्यावर रबरी पट्टीवर चहूबाजूंनी दाबून बसते. वास, आवाज आणि पाऊस तिन्ही अडतात.

पावसाचे वेगळे सांगायला हवे. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. सरकत्या खिडकीच्या रुळाला बाहेरच्या अंगाला बारीक भोके असतात. रुळात साचलेले पाणी तिथून जावे ही अपेक्षा. धुळीने ती बुजली की पाणी आत ओसंडते, भिंतीत मुरते आणि गणपतीपर्यंत खिडकीखालचा रंग फुगतो. लोक भिंतीला वॉटरप्रूफिंग करतात. खरे तर जुन्या टूथब्रशचे काम असते. वर छज्जा हवाच, निदान दीड-दोन फुटांचा. नव्या टॉवरांनी सपाट दिसण्याच्या हौसेपायी तो काढून टाकला, याला मी शुद्ध अविचार म्हणतो. मात्र पश्चिमेच्या खिडकीला छज्जा उन्हापासून वाचवत नाही, कारण तिथले ऊन दुपारनंतर खालून, आडवे येते. तिला बाहेरून चिकाचा किंवा उभ्या पट्ट्यांचा आडोसा लागतो. काचेच्या आतला पडदा उजेड अडवतो, ऊष्मा तोवर घरात आलेला असतो.

साहित्याची निवड लोक समजतात तेवढी महत्त्वाची नाही. यूपीव्हीसीची चौकट उष्णता कमी वाहते, गंजत नाही. पण आतून पोलादी पट्टी घातलेली नसेल तर मोठ्या झडपेच्या वजनाने ती वाकते. विकत घेण्यापूर्वी कापलेला तुकडा मागून आत पाहावे. अ‍ॅल्युमिनियममध्ये बाजारात ज्याला 'थ्री-क्वार्टर' म्हणतात तो हलका प्रकार वरच्या मजल्याच्या वाऱ्याला पुरत नाही. 'डोमल' त्याहून दणकट. बिजागऱ्या आणि स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. शंभरातल्या नव्वद खिडक्या चौकटीमुळे नव्हे, तर बिजागरीमुळे मरतात, असे जुने कारागीर सांगतात आणि ते मला पटते.

काचेवर मात्र थांबायला हवे. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला आणि २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक भागात पुन्हा एक. दोन्ही वेळी दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. साधी काच फुटते तेव्हा तिचे सुऱ्यांसारखे लांब तुकडे उडतात. टफन्ड काच बोथट दाण्यांत विखुरते. लॅमिनेटेड काच तडकते, पण मधल्या पापुद्र्याला चिकटून जागीच राहते. एमआयडीसीच्या जवळ राहणाऱ्याने, निदान पलंगाच्या आणि पाळण्याच्या बाजूच्या खिडकीला, लॅमिनेटेड काच लावावी. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो, तो पाहून घ्यावा. ती एकदा तयार झाली की कापता येत नाही, म्हणून माप आधी नीट घ्यावे.

दारांविषयी थोडक्यात. बाथरूमचे दार प्लायवुडचे असेल तर खालून कुजणारच. तिथे ग्रॅनाइटची चौकट आणि पीव्हीसीचे किंवा फायबरचे दार बरे. मुख्य दाराबाहेरच्या जाळीच्या 'सेफ्टी डोअर'ची मला मनापासून तारीफ करावीशी वाटते. आतले लाकडी दार उघडे, जाळीचे बंद. जिन्यातून वारा आत येतो आणि समोरच्या खिडकीतून निघून जातो. चाळीतले दिवसभर उघडे असणारे दार फ्लॅटमध्ये असे कुलूप लावून परत आले आहे. हल्ली हेही पूर्ण पत्र्याचे, नक्षीदार करून घेतात. मग त्याचा उपयोग काय?

शेवटी पुन्हा ग्रिल. झडप बाहेर उघडणारी हवी असेल तर ग्रिल आतून घ्यावे. ते जमते, फक्त फॅब्रिकेटरला आग्रहाने सांगावे लागते. बाहेर काढलेला पिंजरा, ज्यात आपण कुंड्या, मोडक्या खुर्च्या आणि एसीचे यंत्र ठेवतो, तो आग लागली की घरच्यांना बाहेर पडू देत नाही आणि अग्निशमन दलाला आत येऊ देत नाही. जवानांना आधी गज कापावे लागतात आणि धुरात तेवढी मिनिटे नसतात. ग्रिलमध्ये दोन फूट बाय अडीच फुटांचा बिजागरीचा भाग ठेवून घ्यावा, वाड्याच्या दरवाजातल्या दिंडीसारखा. त्याच्या कुलपाची चावी खिडकीपासून हाताच्या अंतरावर, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला टांगावी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असावे. कुलपाला पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तेल घालावे.