कवंदी : चिंध्यांची नव्हे, टाक्यांची गोधडी

प्रत्येक घरात पलंगाखाली एक पिशवी असतेच. विटलेले दुपट्टे, फाटलेल्या सलवारी, ईदच्या कपड्यांतून उरलेले तुकडे. त्यांची गोधडी करायची म्हटली, तर शिवणवर्गात सांगतात की आधी सारखे चौकोन कापा, पाव इंच शिलाई धरून जोडा, वरचा थर पुरा करा आणि मगच अस्तर लावून टाके घाला. निम्मी चिंधी कापण्यातच वाया जाते.

कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका वरचा थर वेगळा करतच नाहीत. आफ्रिकेतून आणलेल्या आणि बऱ्याच अंशी पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलामीत राबलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू तिन्ही आहेत. बोली कोकणीच्या जवळची. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात.

खाली जुनी साडी पसरायची. एका कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची, पुढचा तुकडा त्यावर थोडा चढवायचा आणि हाताने धावदोरा घालत कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. जोडणं आणि टाके घालणं एकाच दोऱ्यात होतं. त्यामुळे तुकडा तिरका असो की अरुंद, तो बसतोच. मापाची पट्टी लागत नाही (गणित शिकवणाऱ्या मला याचं फार कौतुक वाटतं). कुणी त्यावर चंद्रकोर शिवते, कुणी क्रूस. शेवटी चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लावतात. ती नसतील तर कवंदी उघडी-नागडी मानली जाते.

घरी करून पाहणार असाल तर सुती कापडच घ्या. पॉलिएस्टर सुईखाली सरकतं. कोरं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटून शेजारच्या जुन्या तुकड्याला चुण्या पाडतं.

आता थोडा हिशेब. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडी आणि ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर धरलं, तर धावदोऱ्याची लांबी 576 फूट भरते. तीही हाताची, जाड थरांतून सुई काढत. आपल्या गावातही गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत, आणि ‘कापड तर आमचंच, जुनंच’ म्हणत त्यांच्याशी घासाघीस करणाऱ्याही आपणच. पुढच्या वेळी कापड देताना किती दिवस लागतील ते विचारा, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी धरून भाव ठरवा.